गेम खेळणाऱ्या पोरांच्या ऑनलाइन ग्रुपमधून शिक्षकांनी शिकण्यासारखं खरंच काही असतं का?

मी डिप्लोमाच्या पोरांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, वीसेक वर्षं झाली. मला स्वतःला गेम खेळता येत नाही, भाच्याने एकदा माइनक्राफ्ट (ब्लॉक रचून बांधायचा गेम) हातात दिलं तर पाच मिनिटांत लाव्हात पडून मेलो. तेव्हा हे उत्तर मास्तरचं आहे असं समजूनच वाचा.

भाचा नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आलेला, तेव्हा यूट्यूबवर बघून मोबाइलवर एक सरकता दरवाजा बांधत बसला होता. माइनक्राफ्टमध्ये रेडस्टोन म्हणून लाल पावडर असते, ती जमिनीवर वायरसारखी टाकायची, सिग्नल १५ ब्लॉकपर्यंत जातो, त्यापुढे न्यायचा तर मधे रिपीटर टाकावा लागतो. रेडस्टोनचीच टॉर्च असते, ती ब्लॉकच्या बाजूला लावली आणि त्या ब्लॉकला सिग्नल दिला की विझते. मी म्हटलं अरे हे तर नॉट गेट, सिग्नल उलटा करणारं! आणि त्याच ब्लॉकला दोन वायरी आणून जोडल्या की झालं नॉर, म्हणजे दोन्हीकडून सिग्नल नसेल तेव्हाच चालू, आणि नॉर हातात आलं की बाकीची सगळी गेटं त्यातून बांधता येतात, लोकांनी त्यात अख्खे कॅल्क्युलेटर बांधलेत. भाचा म्हणतो, "मामा, याला नाव पण असतं होय?"

तर दरवाजा काही उघडेना. व्हिडिओ चार वेळा मागे नेऊन बघितला, सगळं तसंच्या तसं. पठ्ठ्याने सरळ स्क्रीनशॉट काढला आणि डिस्कॉर्ड नावाच्या चॅट अ‍ॅपवरच्या ग्रुपवर टाकला, चालत नाहीये, का? लाज वगैरे काही नाही. चार मिनिटांत कुणा अनोळखी पोराचा रिप्लाय, आणि त्यात उत्तर नव्हतं, उलटा प्रश्न होता: मोबाइलवर खेळतोयस का?

मी तिथेच गार झालो. कारण चूक नेमकी तिथेच होती. कॉम्प्युटरवरच्या जावा एडिशनमध्ये पिस्टनच्या (दरवाजा सरकवणाऱ्या ब्लॉकच्या) वरच्या जागेला सिग्नल मिळाला तरी पिस्टन हलू शकतो. हा खरं तर जुना बग, खेळणाऱ्यांनी त्याला क्वासी कनेक्टिव्हिटी असं भारदस्त नाव दिलंय आणि गेम बनवणाऱ्या मोजांग कंपनीने तो काढलाच नाही. मोबाइलवरच्या बेडरॉक एडिशनमध्ये तो प्रकारच नाही. म्हणजे व्हिडिओ बरोबर, भाच्याने उतरवलेलं पण बरोबर, आणि दरवाजा मात्र बंद. त्या पोराने तयार डिझाइन दिलं नाही, वायर पिस्टनला थेट लागेल अशी आण एवढंच सांगितलं. तो स्वतः महिन्यापूर्वी ह्याच गोष्टीत अडकला होता म्हणे. एक पायरी पुढे असलेलं पोर किती चांगलं शिकवतं, कारण त्याला अडकणं अजून आठवत असतं. मला नॉर गेट न समजल्याचं शेवटचं कधी आठवतंय? नाहीच आठवत.

आता माझी लॅब बघा. ७४०० आणि ७४०२ ह्या दोन आयसी, म्हणजे गेटांच्या चिप, दिसायला सेम, पण ७४०० मध्ये पिन १ आणि २ इनपुट, ३ आउटपुट, आणि ७४०२ मध्ये पिन १ आउटपुट, २ आणि ३ इनपुट. दरवर्षी अर्धा वर्ग ७४०२ ला ७४०० सारख्या वायरी लावतो, एलईडी नीट लागत नाही, आणि मग काय करतात? शेजारच्या ग्रुपची रीडिंग उतरवतात, नाहीतर मागच्या बॅचचं जर्नल असतंच. ट्रूथ टेबल (कुठल्या इनपुटला काय आउटपुट त्याचा तक्ता) एकदम परफेक्ट, मी सही करतो, सबमिशन झालं. चूक झाली हे मला कळतच नाही, कारण आमच्याकडे चूक केली की मार्क जातात आणि डिस्कॉर्डवर चुकीला गिऱ्हाईक असतं.

गेमवाली पोरं चूक अशी उघड का विचारतात, यावर माझं मत असं की गेम फार काही सांगतच नाही. कॉम्प्युटरवरच्या माइनक्राफ्टमध्ये वस्तू कशा बनवायच्या त्याचं रेसिपी बुक गेमच्या आत २०१७ मध्ये आलं, तोवर लोक विकी वाचून, एकमेकांना विचारूनच शिकत होते, आणि तो विकी पण खेळणाऱ्यांनीच लिहिलेला. विचारणं हा खेळाचाच भाग. अमेरिकेत स्टाइनकुएलर आणि डंकन यांनी २००८ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ह्या ऑनलाइन गेमच्या फोरमवरच्या जवळपास २,००० पोस्ट तपासल्या होत्या, तर त्यातलं ८६ टक्के बोलणं मिळून काहीतरी समजून घेण्याचं निघालं, नुसत्या गप्पा नाहीत. माझ्या वर्गात कुणी असं मोजलं तर "सर हे परीक्षेला आहे का" हेच पहिलं येईल.

मग मीही उत्साहात बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, न चालणाऱ्या सर्किटचा फोटो टाकायचा, कारण बाकीच्यांनी शोधायचं. दोन आठवडे एकही फोटो नाही. म्हणून मी टर्मवर्कचे ५ मार्क लावले, आणि हा माझा शुद्ध गाढवपणा होता. धो धो फोटो, सगळ्या मुद्दाम केलेल्या चुका, एकाने तर सप्लायच जोडला नव्हता. गेमसारखे पॉइंट आणि बॅज दिले की पोरं शिकतात म्हणणाऱ्या ट्रेनिंगवाल्यांवर तेव्हापासून माझा विश्वास नाही. मार्क काढून टाकले आणि पहिला फोटो मी स्वतःच टाकला, माझ्याच चुकलेल्या काउंटरचा, म्हणजे पल्स मोजणाऱ्या सर्किटचा. आता आठवड्याला तीनचार येतात, जास्त नाही.

सगळं गोड आहे असं पण नाही हां. त्या ग्रुपांवर शिव्या असतात, नवीन पोराला नूब म्हणून पळवून लावतात, आणि माझी एक विद्यार्थिनी सांगत होती की ती खेळताना माइक कधीच चालू करत नाही, मुलगी आहे कळलं की डोकं खातात. आमच्या ग्रुपवर सुद्धा पोरी फोटो मला पर्सनलवर पाठवतात, "सर नाव न सांगता टाका" म्हणून. ते मला अजून सोडवता आलेलं नाही.

तुम्ही शाळेत शिकवत असाल तर एवढंच करा, असा ग्रुप काढलात तर त्यात पालकांना घेऊ नका. आमच्याकडे एका बाबांनी पोराचं चुकलेलं सर्किट रात्री अकरा वाजता स्वतः सोडवून पाठवलं होतं, आणि तेही चुकलेलं.