ॲपचे किलोमीटर आणि गाडीचा काटा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नव्या औषध कंपनीत एमआर (डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी), हेडक्वार्टर म्हणजे कामाचं मुख्य गाव सातारा, बाइक स्वतःची. कंपनीच्या ॲपला चोवीस तास लोकेशन हवंय, शिवाय महाबळेश्वरच्या फेरीचे किलोमीटर ॲपने कमी मोजले म्हणून टीए (प्रवासभत्ता) कापला. हे चालतं का? (वयाने लहान दिसतोयस, म्हणून अरे-तुरे.) मी सोळा वर्षं एमआरची बॅग उचलली, त्यातली नऊ याच टेरिटरीत. आता बिलं पास करतो.

आधी किलोमीटर. ॲप रस्ता मोजत नाही. दर काही मिनिटांनी फोन कुठे आहे ते टिपतं आणि दोन टिपांमध्ये सरळ रेघ ओढतं. सातारा-महाबळेश्वर रस्त्यावर मेढ्यापर्यंत फारसं कळत नाही, पण केळघर घाट लागला की वळणंच्या वळणं गायब. माझा काटा ५५ दाखवायचा, ॲप ४८. जाऊन-येऊन १४ किलोमीटर, चार रुपये दराने ५६ रुपये, महिन्याच्या चार फेऱ्यांचे २२४. रक्कम मोठी नाही, पण पेट्रोल माझ्या खिशातलं होतं. उलटही होतं म्हणा. एकदा एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर डॉक्टरांची वाट बघत दोन तास बसलो, सिग्नल उड्या मारत राहिला आणि बाकावर बसल्या बसल्या दीड किलोमीटर जमा झाले. ते मी कुणाला सांगितले नाहीत.

म्हणून एक्स (बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परत) आणि आउटस्टेशनचा (बाहेरगावी मुक्काम) टीए एसएफसीप्रमाणे, म्हणजे कंपनीच्या स्टँडर्ड फेअर चार्टप्रमाणे माग. गावागावातलं अंतर त्या चार्टमध्ये एकदा ठरलेलं असतं, ॲप काहीही म्हणो. माझ्या वेळी कंपनी ऐकेना, तेव्हा कामी आली ती सर्व्हिसिंगची बिलं. प्रत्येक जॉब कार्डवर मेकॅनिक रीडिंग लिहितो. दोन सर्व्हिसिंगमधले किलोमीटर आणि माझ्या डायरीतली बेरीज समोरासमोर ठेवली, घरगुती वापर स्वतःहून वजा केला. पुढच्या महिन्यात फरक मिळाला. तेव्हा रोज सकाळी निघताना आणि रात्री परतल्यावर मीटरचा फोटो काढ. पेट्रोलच्या पावतीचाही काढ, कारण तिची शाई दोन महिन्यांत उडते.

दरावरही भांड. पेट्रोल लिटरला शंभरावर, घाटात ॲव्हरेज ४५, म्हणजे सव्वादोन रुपये किलोमीटर तिथेच गेले. ऑइल-सर्व्हिसिंग, टायर, चेन-स्प्रॉकेट मिळून पन्नास पैसे धर. लाखाची गाडी ८० हजार किलोमीटरनंतर चाळीस हजारांना विकली जाते, त्याचे पाऊण रुपया. साडेतीनच्या खालचा दर म्हणजे कंपनी तुझी गाडी फुकट वापरतेय.

आता पाळत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती वापरायला कंपनीला तुझी वेगळी संमती लागत नाही. त्यामुळे 'माझी परवानगी नाही' एवढ्यावर भागणार नाही. पण रात्री दहाला तू सासुरवाडीला आहेस की मित्राकडे, हे नोकरीचं काम कसं, हा प्रश्न उरतोच. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, तेव्हा आत्ताच कायद्याच्या धमक्या देऊ नकोस. एचआरला साधं मेल टाक: ट्रॅकिंग किती वाजता सुरू, किती वाजता बंद, रविवारी काय, रेकॉर्ड कोण बघतो, किती दिवस ठेवतात. तोंडी उत्तर आलं तर 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे' असं लिहून परत पाठव. आमच्याकडे डीसीआर (दिवसभराच्या भेटींचा रिपोर्ट) सबमिट झाला की ट्रॅकिंग बंद, हे असल्याच एका मेलमुळे ठरलं.

फेक जीपीएसच्या, म्हणजे फोनचं खोटं लोकेशन दाखवण्याच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. आमच्या टीममधल्या एका पोराचं ॲप त्याला फलटणच्या एका क्लिनिकमध्ये दाखवत होतं. मॅनेजर त्याच क्लिनिकच्या बाकावर बसून त्याला फोन लावत होता. "सर, आत्ताच डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरतोय," म्हणाला. पंधरा दिवसांत राजीनामा घेतला. त्याची खरी कॉल्स (डॉक्टरांच्या भेटी) आमच्या निम्म्या टीमपेक्षा जास्त होती, याचं अजून वाईट वाटतं.

जाता जाता एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. दुचाकीच्या इन्शुरन्स पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' वाच. मालवाहतूक चालत नाही, पण सॅम्पल आणि स्वतःचं सामान त्यातून वगळलेलं असतं. म्हणजे तुझी बॅग चालते. 'येता येता स्टॉकिस्टचे (औषधांच्या घाऊक विक्रेत्याचे) दोन बॉक्स वाईला टाक' हे चालत नाही. अपघात झाला तर क्लेमवर वाद तिथूनच सुरू होतो, आणि ॲपमध्ये तू वाईला थांबल्याची नोंद असतेच.

तुझ्या एसएफसीत महाबळेश्वर मेढामार्गे धरलंय की वाई-पाचगणीमार्गे, ते आधी बघ. वाईवरून लांब पडतं. मेढामार्गे धरलं असेल, तर पावसाळ्यात केळघरला दरड आल्यावर कुठल्या मार्गाचे पैसे देणार, हेही त्याच मेलमध्ये विचार.