आईंची ती गोळी परस्पर बंद करू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आईंच्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) फुप्फुसाचं प्रेशर ७० आलंय, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शनची (पीएच, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला वाढलेला दाब) शंका आहे, डॉक्टरांनी सिल्डेनाफिल (व्हायग्रा म्हणून लोक ओळखतात तेच औषध) लिहून दिलीय, मेडिकलवाला तोंडाकडे बघून हसला आणि काका म्हणताहेत, "दंडाचं बीपी तर ११०-७० आहे, मग असली गोळी कशाला? बंद करा." आमच्या घरात २०१८ साली अगदी हेच झालं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. सासूबाईंचं (मी आईच म्हणते) सगळं आजारपण जवळून पाहिलंय, तेवढ्यावरच बोलते. मीठ कमी, जिने टाळा, हे तुम्हाला सांगितलं असणारच, त्यात शिरत नाही.

आधी मेडिकलचं. चिठ्ठी घेऊन मी स्वतः गेले होते. काउंटरवरच्या मुलानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोणासाठी?" म्हटलं, सासूबाईंसाठी. मागे गोळ्यांचे खोके लावणारी दोन मुलं खुदकन हसली. पुन्हा त्या दुकानात पाऊल ठेवलं नाही. तेव्हा मला कुणी नीट सांगितलं असतं की हे औषध फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करतं, अमेरिकेत या आजारासाठी त्याला २००५ सालीच मान्यता मिळाली आहे आणि बायकांनाच काय, लहान मुलांनाही डॉक्टर ते देतात, तर तिथंच ताठ मानेनं उत्तर दिलं असतं. रोग्याच्या घरच्यांना ही दोन वाक्यं चिठ्ठीबरोबरच सांगायला हवीत. आमच्या डॉक्टरांनी सांगितली नाहीत, आम्हीही विचारली नाहीत.

पण खरं नुकसान पुढे झालं. ह्यांच्या ऑफिसकडून आईवडिलांच्या औषधांचे पैसे परत मिळतात. बिलं मंजूर करणाऱ्या विभागानं सिल्डेनाफिलच्या ओळीवर लाल रेघ मारली. का, तर "ही गोळी कशाची ते आम्हाला ठाऊक आहे." कॅथचा (हृदयात बारीक नळी घालून दाब मोजतात त्या तपासणीचा) रिपोर्ट जोडला, तर म्हणाले वेगळं पत्र आणा. पत्र नेलं, तर त्यावर नोंदणी क्रमांक नाही. चार महिने फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. सोबत बोसेंटान या त्याच आजारावरच्या दुसऱ्या गोळीचाही खर्च होताच. आई बिलं बघायच्या आणि म्हणायच्या, "तीनच्या ऐवजी दोन घेतल्या तर काय बिघडतंय?" आणि मी हो म्हटलं. आधी दोन, मग एक. डॉक्टरांना फोनसुद्धा केला नाही, कारण मला वाटलं डोकेदुखीच्या गोळीसारखं असेल, त्रास वाटला तर वाढवू.

नवव्या दिवशी घोट्यांवर बोट दाबलं की खड्डा राहायला लागला. मला वाटलं उन्हाळ्यामुळे असेल. बाराव्या दिवशी आई दोरीवरचे कपडे काढताना हात वर करून उभ्या होत्या, तशाच खाली कोसळल्या. अकरा दिवस आयसीयू. त्यानंतर त्या वरच्या मजल्यावर कधीच चढल्या नाहीत. त्या विभागाचा राग मला आजही येतो. पण गोळी कमी करायला हो मी म्हटलं होतं, हे मी विसरत नाही. तुमच्याकडे पैशाची ओढाताण असेल तर ती डॉक्टरांना उघड सांगा. ते औषध बदलून देऊ शकतात, काहींना दिवसातून एकदाच घ्यायची टाडालाफिल चालते. पण घरात बसून डोस कमी करायचा नाही.

बिलासाठी शेवटी चाललं ते पत्र असं होतं: आजाराचं पूर्ण नाव, कॅथची तारीख आणि आकडा, औषधाचं ब्रँडचं नव्हे तर मूळ नाव, रोजचा डोस, "दीर्घकाळ, खंड न पाडता" हे शब्द, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. पहिल्याच भेटीत असं लिहून घ्या आणि पाच झेरॉक्स काढा.

आता काकांचं. आमचे सासरे अण्णाही "बीपी नॉर्मल आहे" यावरच अडून बसले होते. आमची तासगावकडे द्राक्षबाग आहे. त्यांना म्हटलं, ठिबकच्या नळ्या चोंदल्या तर काय होतं? म्हणाले, मोटरवर लोड येतो, जळते. म्हटलं, आईंच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या अरुंद झाल्यात आणि हृदयाची उजवी बाजू ही ती मोटर. दंडाचं बीपी दाखवतं डाव्या मोटरचं काम, ती लाइनच वेगळी. त्या दिवसापासून अण्णा स्वतः गोळ्यांची वेळ सांभाळायला लागले. काकांना असंच काहीतरी त्यांच्या रोजच्या कामातलं सांगून बघा, रिपोर्ट वाचून दाखवू नका.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना नक्की विचारा. इकोचा ७० हा अंदाज असतो. उजव्या बाजूचं कॅथेटर घातल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. तिथं सरासरी दाब बघतात, २० च्या वर गेला की पीएच (पूर्वी २५ धरायचे). आईंचा ४८ होता. शिवाय कारण शोधावं लागतं. मूळ बिघाड हृदयाच्या डाव्या बाजूला असेल तर उपचार त्याचे करतात, तिथं ही गोळी सहसा देत नाहीत. फुप्फुसात रक्ताच्या जुन्या गुठळ्या असतील तर त्या व्हीक्यू स्कॅनमध्ये (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणाऱ्या तपासणीत) दिसतात आणि काहींची शस्त्रक्रिया होऊ शकते. आईंच्या बाबतीत मूळ निघालं स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा आजार. थंडीत भांडी घासताना त्यांची बोटं आधी पांढरी, मग जांभळी पडायची. कितीतरी वर्षं आम्ही ते पाहत होतो. तुमच्या आईंना असं काही होत असेल तर जरूर सांगा.

रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर सूज दिसायची वाट न बघता फोन करा, असं आम्हाला सांगितलंय. बोसेंटान सुरू झाली तर लिव्हरची तपासणी दर महिन्याला, ती चुकवू नका.

आणि हे आजच करा. छातीत दुखलं की आपल्याकडे शेजारीपाजारीसुद्धा जिभेखाली सॉर्बिट्रेट (हृदयविकारावरची, नायट्रेट गटातली गोळी) ठेवतात. सिल्डेनाफिल चालू असताना ती दिली तर बीपी एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा: "सिल्डेनाफिल चालू आहे, सॉर्बिट्रेट किंवा कोणतंही नायट्रेट देऊ नये." खाली डॉक्टरांचा नंबर. एक आईंच्या पर्समध्ये, एक फ्रिजच्या दारावर आणि एक काकांच्या खिशात.