पेशंटने ‘का’ विचारायचं नाही का?

तुमचा प्रश्न असा: गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले, रोज फिजिओथेरपीला जाता, पण काही विचारलं की ‘सांगतो तेवढं करा, बाकी आमच्यावर सोडा’ एवढंच उत्तर मिळतं. मग पेशंटला किती सांगायला हवं, आणि थेरपिस्ट बदलावा का?

मी रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचं ते वाक्य मला फार लागलं, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी तेच वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणत असे. त्यातलं एकदा माझ्या सख्ख्या मामाला म्हटलंय.

मामाचं घर राजापूर तालुक्यात. त्या एप्रिलमध्ये, हापूस ऐन भरात असताना, शेंड्याचे आंबे घळीला, म्हणजे आंबे काढायच्या जाळी लावलेल्या काठीला, येईनात म्हणून तो झाडावर चढला. फांदी मोडली, खाली कातळ. उजवा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला. प्लेट आणि स्क्रू घालून ऑपरेशन झालं, तेही मी नोकरीला होते त्याच हॉस्पिटलात. आमच्या विभागात छापील कागद द्यायची पद्धत होती. बोटं हलवा, मांडी आवळा, पाय उशीवर ठेवा, सहा आठवडे पाय टेकवू नका. तो कागद मीच मामाच्या हातात दिला. त्याने विचारलं, “आणि मग?” बाहेर रांग लागलेली. मी म्हटलं, “आता सांगितलंय तेवढं कर मामा, पुढचं पुढे सांगेन.”

सहा आठवड्यांनी तो एक्स-रेला आला तेव्हा मी रजेवर होते. सर्जन म्हणाले, हाड छान जुळतंय, पुढचं फिजिओ सांगतील. आमच्या विभागातल्यांना वाटलं, सर्जननी सांगितलं असेल. मग पाऊस लागला. एस.टी. दिवसातून दोन, त्याही बेभरवशाच्या, त्यामुळे तो परत आलाच नाही. फोनवर मी विचारायचे, व्यायाम करतोस ना? “करतो तर! कागदाबरहुकूम.” आणि तो खरंच करत होता. श्रावणात मी घरी गेले तर वॉकर धरून, एका पायावर उड्या मारत, ओटीवरून न्हाणीकडे निघालेला. चार महिने होत आले होते! ‘टेकवू नका’ कागदावर होतं, पण ‘आता टेकव’ असं त्याला कोणी म्हटलंच नव्हतं. पोटरी वाळून काठी झालेली, घोटा दगडासारखा घट्ट. संध्याकाळी पाय सुजायचा, आणि सूज आली म्हणजे आत स्क्रू सुटतोय अशी त्याची पक्की समजूत. म्हणून आणखीच जपत होता.

त्या संध्याकाळी ओटीवर बसून मी त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. हाडावर वजन पडलं की ते त्या वजनाला पुरेल असं घट्ट होत जातं, वजनच मिळालं नाही तर विरळ होतं. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, ते वाळले म्हणून सूज साचते. अशा मोडीनंतर कित्येक महिने संध्याकाळची सूज येतेच, ती स्क्रूची नव्हे. मामा ऐकत राहिला आणि म्हणाला, “म्हंजे बाय, कलमाची पट्टी सोडायला उशीर झाला म्हण की.”

जन्मभर त्याने कलमं बांधलीत. पट्टीशिवाय कलम जुळत नाही, आणि जुळल्यावर वेळेत सोडली नाही तर तीच पट्टी काचते. जे मी एप्रिलमध्ये दोन मिनिटांत सांगू शकले असते ते त्याला इतकं चटकन कळलं.

त्या वर्षी गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, मूर्ती त्याच्या मुलाने आणली. डोक्यावर पाट घेऊन मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, येण्याचा मान त्या घरात मामाचा. तो दारात उभा राहून बघत होता. त्यानंतरचा प्रत्येक व्यायाम मी त्या वाटेला बांधला. जांभ्याच्या पायऱ्या उतरायला घोटा पुरेसा दुमडला पाहिजे, म्हणून ताण द्यायचा. मेरेवर तोल जाऊ नये म्हणून गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, हात लावून एका पायावर उभं राहायचं. दहा वेळा का, हे त्याला कधीच विचारावं लागलं नाही. पुढच्या वर्षी मूर्ती त्यानेच आणली.

आमचे तेव्हाचे वरिष्ठ म्हणायचे, “खेड्यातल्या माणसाला कारणं सांगत बसू नकोस, गोंधळतो. आकडा सांग. सकाळी दहा, संध्याकाळी दहा.” मी तेव्हा गप्प बसले, आज बसणार नाही. मोहोर बघून तुडतुड्याची कीड ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या घोट्याचं कळणार नाही? क्लिनिकमध्ये पेशंट पाऊण तास असतो. उरलेला दिवस पायरी, न्हाणी, बाजार यांचे निर्णय त्यालाच घ्यायचे असतात, आणि कारण माहीत नसलं की तो घाबरून तरी बसतो नाहीतर अंगावर तरी काढतो. कॉलेजात आम्हाला ‘राइस’ शिकवलं, म्हणजे विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच. ते सूत्र 1978 चं. मुका मार, मुरगळ यांसाठी 2019 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ‘पीस अँड लव्ह’ असं नवं सूत्र मांडलं गेलं, आणि त्यातलं एक अक्षर चक्क एज्युकेशनचं, म्हणजे पेशंटला समजावून सांगण्याचं, आहे. ते वाचलं तेव्हा मला पहिली आठवण त्या सरांची झाली.

आता तुमचं. सगळं एकदम सांगून उपयोग नसतो. पहिल्या आठवड्यात दुखण्यात आणि गोळ्यांच्या गुंगीत दोन गोष्टींपलीकडे काही डोक्यात राहत नाही. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात आहात, आता विचारा: काय करायचं नाही, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत? तारीख लिहून घ्या. दुखण्याचं माप मी असं देते: व्यायामात थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत निवळलं तर चालेल, सकाळी कालच्यापेक्षा जास्त सुजलं-दुखलं तर काल जास्त झालं. आणखी एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल. ऑपरेशनमध्ये बसवलेलं नवीन लिगामेंट दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सगळ्यात कमकुवत असतं, आणि नेमका तेव्हाच गुडघा छान वाटायला लागतो. मैदानावर परतणं नऊ महिन्यांच्या आत नाही. मी आता पेशंटला निघताना विचारते, घरी गेल्यावर काय सांगाल? त्यांच्या तोंडून चुकीचं आलं तर माझं सांगणं चुकलं असं धरून पुन्हा सांगते. तुम्ही उलट करा, थेरपिस्टला म्हणा, “मला काय समजलं ते सांगू का?” त्यालाही ते चिडले तर खुशाल बदला.

मात्र माझ्या उत्तरावरून वजन टाकायला सुरुवात करू नका. सोबत गादीला, म्हणजे मेनिस्कसला, टाके घातले असतील तर वेळापत्रक वेगळं असतं, ते तुमच्या सर्जनकडून लिहून घ्या. आणि पोटरी एका बाजूची ताणून सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, किंवा धाप लागली, तर उद्याच्या व्यायामाची वाट बघू नका, ती रक्ताची गाठ असू शकते. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.