हे उत्तर तुमची मुलगीच तुम्हाला वाचून दाखवणार

तुमची कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाची अडत आहे. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारामुळे नजर जवळजवळ गेली. मुलीने मेडिकलची 'नीट' परीक्षा दोनदा दिली, आता तिसऱ्यांदा द्यावी, डोळ्यांची डॉक्टर व्हावं आणि स्टेम सेलपासून, म्हणजे ज्यांतून इतर पेशी घडतात त्या मूळ पेशींपासून, नवा पडदा करून तुम्हाला दृष्टी द्यावी, असं तुम्ही म्हणता. शेवटी लिहिलंय, 'दिसत नाही म्हणून पत्र मुलीकडूनच लिहून घेतलं.'

त्या ओळीपाशी मी थांबले. म्हणजे 'पोरीत जिद्द नाही' हेही तिनेच लिहिलं. 'जिद्द' हा शब्द एकदा खोडून पुन्हा लिहिलाय. तुम्हाला तो दिसणं शक्य नव्हतं, म्हणून सांगते. तीन पानांत तिला काय शिकायचंय याची एक ओळ नाही.

पोरगी डॉक्टर झाली की डोळे बरे होतील, हा हिशेब चुकतोय. 2014 साली जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या कातडीतल्या पेशींपासून आयपीएस पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेल्या स्टेम सेल, केल्या, त्यांतून पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर वाढवला आणि त्यांच्याच डोळ्यात बसवला. नजर खालावायची थांबली, पण सुधारली नाही. शिवाय त्यांचा आजार उतारवयातला, मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा. तुमच्या आजारात प्रकाश टिपणाऱ्या पेशीच मरतात. नव्या पेशी बसवून भागत नाही, त्या आतल्या चेतापेशींशी जुळाव्या लागतात. जगभरातले मोठमोठे गट त्यावर झटतायत. ते ओझं एकोणीस वर्षांच्या मुलीवर टाकू नका. आणि कुणी पैसे घेऊन डोळ्यात स्टेम सेल टोचतो म्हणाला तर त्याच्या दारात जाऊ नका. अमेरिकेत फ्लोरिडात अशा इंजेक्शनांनंतर तीन बायकांची होती ती नजरही गेली.

तिला या संशोधनाची ओढ असेलच तर 'नीट' न देताही तिकडे जाता येतं: बीएस्सी, शिवाजी विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी, मग 'नेट' परीक्षा आणि पीएचडी. पण आधी तिला विचारा. कॉमर्स म्हणाली तरी ऐकून घ्या.

बाळ, आता तुझ्यासाठी, आणि हेही मोठ्यानेच वाच. बाबांची नजर तुझ्या मार्कांमुळे गेलेली नाही. तिसऱ्यांदा परीक्षा द्यायची नसेल तर आज, इथेच, त्यांना सांग.

तुम्ही मोबाईलवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू करून घ्या. मेसेज ऐकता येतात, बोलून लिहिता येतं. पुढचं पत्र तुमचं तुम्ही पाठवा. तिचं मला वेगळं हवंय.