‘बाबांनी तर किती सोसलं होतं’

खारघर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

आपल्या हॉस्पिटलात गोंदियाहून आलेल्या त्या काकू कॅन्सरवरच्या केमोने केस गळायला लागले म्हणून रडत होत्या आणि तुला चक्क त्यांचा राग आला, असं तू लिहिलं आहेस. ‘बाबांनी तर किती सोसलं होतं, एकदा तरी रडले का?’ हे मनात आलं आणि मग दिवसभर तुला स्वतःचीच लाज वाटत राहिली. दुःख पाहिलेलं माणूस मऊ होतं म्हणतात, मग मीच अशी कशी, हा तुझा प्रश्न.

तू दगड झालेली नाहीस. हे घडतं, आणि पुष्कळांच्या बाबतीत घडतं. रेचेल रटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली अमेरिकेत यावर अभ्यास प्रसिद्ध केला. मिशिगन सरोवराच्या बर्फगार पाण्यात उडी मारायला आलेल्या लोकांना त्यांनी एका माणसाची गोष्ट वाचायला दिली. तो ऐनवेळी कच खाऊन माघारी फिरतो. ज्यांची उडी अजून व्हायची होती त्यांना त्याच्याबद्दल जास्त कळवळा वाटला. उडी मारून झालेल्यांना कमी. बेकारीबद्दल विचारलं तेव्हाही तसंच. बेकारीतून बाहेर पडलेले लोक, बेकारीत वाईट मार्गाला लागलेल्या माणसाबद्दल अधिक कठोर निघाले. जे त्या वेळी स्वतः बेकार होते, ते तितके कठोर नव्हते.

मला यातलं हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं. संकटात असलेला माणूस आणि संकटातून पार पडलेला माणूस यांची मनं वेगळी असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद पडल्या आणि लोक रुळांवरून, रस्त्यावरून चालत ठाण्या-कळव्याकडे निघाले. स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसं अनोळखी माणसाला हात देत होती. तेव्हा ‘मी याच्यापेक्षा जास्त सोसलंय’ असा हिशेब कोणी करत नव्हतं. हिशेब नंतर सुरू होतो. एकदा निभावलं की आठवण राहते ती निभावल्याची; त्या रात्रीची भीती पुसट होत जाते. आपल्या घरांतून तर हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. सासुरवास काढलेली बाई सुनेला जवळ घेईल असं वाटतं, आणि तीच म्हणते, ‘आम्ही नाही का काढले दिवस?’

पण म्हणून दुःख माणसाला कोरडंच करतं असंही समजू नकोस. डॅनियल लिम आणि डेव्हिड डेस्टेनो यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात, ज्यांच्यावर अधिक गंभीर संकटं येऊन गेली होती त्यांच्यात इतरांबद्दलची करुणा जास्त दिसली आणि मदतीलाही ते जास्त पुढे आले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग फरक कशाने पडतो?

एर्विन स्टॉब नावाचे मानसशास्त्रज्ञ याच प्रश्नामागे वर्षानुवर्षं लागले. बुडापेस्टमधल्या ज्यू घरातला हा मुलगा नाझींच्या काळात वाचला, कारण त्यांच्या घरी काम करणाऱ्या बाईने जीव धोक्यात घालून त्या कुटुंबाला मदत केली आणि राऊल वॉलनबर्ग या स्वीडिश अधिकाऱ्याने दिलेली संरक्षणाची कागदपत्रं त्यांना मिळाली. सोसल्यानंतर माणूस दुसऱ्याकडे वळतो तो कधी, याची जी कारणं स्टॉब सांगतात, त्यांत एक हे आहे: त्या काळात कोणीतरी त्याच्यासाठी धावून आलेलं असतं, आणि पुढे त्याची जखम भरायला वेळ आणि माणसं मिळालेली असतात.

मला हे पटतं, कारण मी ते इथे हॉस्पिटलात रोज बघते. यवतमाळकडची एक बाई मुलाच्या तपासणीला येते तेव्हा मुद्दाम लवकर पोचते आणि नव्या लोकांजवळ जाऊन बसते. केसपेपर कुठे, सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र कुठे बसतो, त्या योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार आत्ताच काढून ठेवा, रात्री झोपायची सोय कुठे होईल, सगळं सांगते. मी विचारलं तर म्हणाली, ‘पयल्या दिवशी माह्याजवळ एक माय बसली होती.’ तिने स्वतःच्या हालांचं नाव काढलं नाही.

तुझ्याजवळ त्या वेळी कोण बसलं होतं? हे तू मला कधी सांगितलं नाहीस. बाबांच्या आजारपणात कॉलेज, घर, फाईल, रक्तदाते सगळं तू एकटीने ओढलंस, आणि ते गेल्यावर दीड-दोन महिन्यांत तू आमच्याकडे मदतीला आलीस. मला तेव्हाच वाटलं होतं की ही घाई होतेय. त्या काकूंवरचा राग हा मला तरी तुझ्या न रडलेल्या रडण्याचा राग वाटतो.

आता कामाचं सांगते. कोणालाही ‘मला कळतं’ म्हणू नकोस. तुला तुझ्या बाबांचं कळतं, त्या काकूंचं नाही; केस हे त्यांच्यासाठी काय होतं, ते त्यांनाच विचार. ‘आज काय अडलंय?’ एवढ्यावर सुरुवात कर आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस. मनात बाबांशी तुलना सुरू झाली की उठून पाणी पिऊन ये, दुसऱ्या कोणाला तरी तिथे बसव. त्यात कमीपणा नाही. आणि तुझ्याकडे जे खरंच आहे ते वापर: कुठला कागद कुठे अडतो, प्लेटलेट्ससाठी दाते कसे गोळा करायचे, हे तुझ्याइतकं आमच्यातल्या कोणाला माहीत नाही.

पुढचा महिनाभर तू केमोच्या बाकांवर बसू नकोस. रक्तदात्यांच्या फोनयादीचं काम घे. आणि या शनिवारी कामाला नकोच. बेलापूरहून मेट्रोने सरळ माझ्या घरी ये, जेवायलाच. बाबांबद्दल मला पहिल्यापासून सांग, जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे.

तुझी,
ताई