विचारा की! : पायाखालचं कोल्हापूर

प्रश्न : मे महिन्यात हम्पी बघून आलो. जिकडं बघावं तिकडं अवशेष! आपलं कोल्हापूर दोन हजार वर्षांचं म्हणतात, मग इथलं जुनं शहर गेलं कुठं?
– एक वाचक, शुक्रवार पेठ

शुक्रवार पेठेत राहून हे विचारताय? घरातून निघा आणि पंचगंगेच्या अंगाला ब्रह्मपुरी टेकडीवर जा. तुमचं शहर तिथं आहे, फक्त घरांच्या खाली आहे.

१९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं. राजाराम कॉलेजात कन्नड शिकवणारे प्रा. कुंदणगार यांनी त्याआधीच या टेकडीत लक्ष घातलं होतं. खाली सातवाहन काळातली विटांची घरं निघाली. वरच्या बहमनी थरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे रगड. सापडलेल्या वस्तूंत एक आहे पोसायडन, म्हणजे समुद्राचा देव, रोमन घडणीचा, ब्राँझचा, वीतभरही उंच नाही. समुद्र इथून घाट उतरून किती लांब, आणि हा इथल्या कुणाच्या तरी घरी! कोकणातल्या बंदरांतून घाट चढून येणारा व्यापार किती मोठा असेल, ते या एका मूर्तीवरून कळतं. ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. मास्तरकी करताना दरवर्षी पोरं घेऊन जायचो. पोरं तलवारी आणि बंदुकांपुढून हलायची नाहीत, पोसायडनपुढं मी एकटाच.

आता हम्पीचं. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरची ही राजधानी लुटली गेली, माणसं उठली, म्हणून दगड उघडे राहिले. कोल्हापुरात उलटं झालं. वस्ती सरकत राहिली, शिलाहारांच्या काळात अंबाबाईच्या देवळाभोवतीचं गाव मोठं झालं, आणि जुन्यावर नवं चढत गेलं. सारखं राहतं गाव स्वतःचे अवशेष स्वतःच झाकतं. त्यामुळं ‘आपल्याकडं काही राहिलंच नाही’ ही तक्रार मला पटत नाही. एक विनंती मात्र आहे. घराच्या पायासाठी खणताना मोठ्या जुन्या विटा, खापरं, नाणी लागली, तर भरावात टाकू नका. आधी म्युझियममध्ये कळवा.

प्रश्न : आमचं घर पन्हाळ्यावर आहे. गड युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून घरात एकच विषय, आम्हाला उठवणार का?
– एक वाचक भगिनी, पन्हाळा

ताई, भीती उगाच नाही. हम्पी १९८६ मध्ये यादीत गेली आणि २०११ मध्ये विरूपाक्ष देवळासमोरच्या बाजारातली राहती माणसं हलवली. पण जैसलमेरही बघा. ११५६ चा किल्ला, २०१३ मध्ये यादीत गेला, आणि आजही आत संसार चालू आहेत. २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना मान मिळाला, त्यात पन्हाळा आहे. यादीत नाव गेलं म्हणजे आपोआप घर खाली करावं लागतं, असं नसतं.

तुम्हाला रोज नडतो तो जुन्या स्मारकांचा आपलाच कायदा, १९५८ चा, २०१० मध्ये कडक केलेला. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, दुरुस्तीलाही परवानगी. पुढच्या दोनशे मीटरांत परवानगीनं बांधता येतं. म्हणून एक करा. घराचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, जुने फोटो एका फाईलीत ठेवा आणि कौलं बदलायची असली तरी अर्ज लेखीच द्या, पोच घ्या.

जैसलमेरची खरी दुखणी वेगळीच निघाली. पूर्वी पाणी खालून डोक्यावरून यायचं, म्हणून जपून वापरायचे. नळ आले, हॉटेलं वाढली, सांडपाणी डोंगरात मुरलं आणि बुरूज ढासळले. तिथं पाऊस नावाला, आपल्याकडं तर धो धो! २०२१ च्या जुलैत गडाचा रस्ता खचला होता, विसरला नसाल. तेव्हा नगरपरिषदेत पहिला प्रश्न गटारांचा विचारा. स्वागत कमानीचं नंतर बघू.

प्रश्न : पन्हाळा शिवाजी महाराजांनी बांधला का? मुलाच्या निबंधात तसं लिहिलंय.
– एक पालक, कळंबा

नाही. गड शिलाहार राजा दुसरा भोज याचा, बाराव्या शतकातला. महाराजांनी तो १६५९ मध्ये जिंकला, १६६० मध्ये हातचा गेला, १६७३ मध्ये परत घेतला. गडाचा ‘चार दरवाजा’ नावाचा दरवाजा कुठाय, असंही गाईडला बरेच जण विचारतात. गडकऱ्यांच्या, म्हणजे गडांवरच्या शिबंदीच्या, उठावानंतर १८४४ मध्ये इंग्रजांनी तो पाडला. निबंधात तेही घाला, मार्क वाढतील.