नीटचा तिसरा फॉर्म कोणासाठी?

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला ८१ टक्के. नीट दोनदा दिली, पण सरकारी कॉलेज मिळालं नाही. रुसून बीएला गेली, आता अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणते, आरोग्याचं अर्थशास्त्र शिकायचंय. दवाखान्यांवरचा सरकारी खर्च म्हणजे दानधर्म, त्यात कसलं करिअर? मी परत नीटचा फॉर्म भरलाय, तिचा मोबाइल काढून घेतलाय. हल्ली ती आमच्यासोबत जेवतही नाही. तिला समजवा. — एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : समजवायचं तर मला तुम्हालाच समजवावं लागेल. मुलगी घरच्यांबरोबर जेवत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. माझी नजर तिथेच अडली. मोबाइल आजच परत द्या. परीक्षा ती देणार, तर फॉर्म तिला न विचारता कसा भरला? ती नीट झोपते का, मैत्रिणींशी बोलते का, हे बघा. घुसमट वाढलेली वाटली तर मानसिक आरोग्यासाठीच्या १४४१६ या सरकारी 'टेली-मानस' क्रमांकावर फोन करा, त्यात कमीपणा नाही. आणि रुसलेली मुलगी दोन वर्षांनी विषयाची नेमकी शाखा सांगत नाही. तिने विचार केलाय.

आता दानधर्माबद्दल. निफाडला द्राक्षबागेत रोजंदारीवर जाणाऱ्याला टीबी झाला, तर सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. साधारण सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला की तो बरा होऊन पुन्हा छाटणीला उभा राहतो. तेच उपचार कर्ज काढून करायचे म्हटले तर शेळ्या विकल्या जातात, पोराची शाळा सुटते. मजुरी, बचत, शिक्षण बुडालं तर देशाची वाढ कुठून होणार? पण नुसता पैसा ओतून भागत नाही. अमेरिकेत सरकारी-खासगी मिळून जीडीपीच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर खर्च होतात, तरी तिथलं सरासरी आयुर्मान जपानपेक्षा बरंच कमी आहे. शिवाय देश श्रीमंत झाला की हा खर्च वाढतोच. मग खर्चामुळे वाढ झाली की वाढीमुळे खर्च, हे शोधायचं कसं? तुमच्या मुलीला शिकायचंय ते हेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. ते झालं नाही. जो पैसा आहे तो सुरगाणा-पेठच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर घालायचा की शहरातल्या मोठ्या रुग्णालयावर, हे हिशेबाने सांगणारी माणसं लागतातच.

वाटा नेहमीच्याच : पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) किंवा देवनारची आयआयपीएस (लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था), अर्थशास्त्रात एमए केल्यावर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा.

खरी अडचण वेगळीच असू शकते. बारावीला तिचं गणित होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर गणित आणि संख्याशास्त्राला आत्तापासून लागावं लागेल, त्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते पोस्ट करण्याआधी वाचू नका.